सौदे मोडणारे मामा

पेणपासून रोह्यापर्यंत माझ्या धंद्याचं जेवढं नुकसान माझ्या बायकोच्या मामांनी केलं, तेवढं खाडीच्या खाऱ्या वाऱ्यानंही केलं नसेल. पेणच्या रामवाडीत माझं बॅटऱ्यांचं दुकान आहे. हातगाडीवर टॉर्चचे सेल विकत विकत मी ते उभं केलं. मामा रोह्याच्या एका केमिकल कंपनीत होते. जगात जे जे आंबट किंवा खारट आहे ते खाण्यासाठी नसून वीज काढण्यासाठी आहे, अशी त्यांची ठाम समजूत. माझ्याच लग्नात त्यांनी कोकमाच्या आगळाच्या तीन वाट्यांत तांब्याच्या आणि जस्ताच्या पट्ट्या बुडवल्या, तारा जोडल्या आणि मिणमिणता लाल दिवा लावून दाखवला. पंगत सोलकढीवाचून खोळंबली. "वीज काय आत भरून ठेवलेली नसते, जावई," मामा भर मांडवात समजावत होते. "जस्त आंबटात झिजतं. त्याचे वीजकण तारेतून तांब्याकडं पळतात, ती वीज. जस्त संपलं की दिवा गेला." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. नवरदेवाकडे कोणी पाहिलंही नाही.

तेही मी गिळलं. पण निवृत्त झाल्यावर मामा दुकानात येऊन बसू लागले. गणपतीच्या आधी हमरापूरचा एक मूर्तीवाला आला. रंगकामाची घाई, लाईटचा भरवसा नाही आणि इन्व्हर्टरची बॅटरी गार पडलेली. घासाघीस करून मी त्याला नव्या बॅटरीच्या भावावर आणला, तोच मामांनी जुनीची झाकणं उघडली. "ही मेली नाय रे, तहानलीय! शिशाच्या पट्ट्या उघड्या पडल्यात." त्यांनी आत शुद्ध पाणी ओतलं, टोकांवरचा पांढरा थर सोड्याच्या पाण्यानं धुतला आणि ती चार्जिंगला लावली. संध्याकाळी बॅटरी जिवंत.

"शेठ, नवी ऱ्हाऊ दे आता," मूर्तीवाला खुशीत म्हणाला.

तो गेल्यावर मी भडकलो. "मामा, तुम्ही आमचे की गिऱ्हाइकाचे?"

"हाय ते सांगितलं."

"ते रोह्यात सांगा!"

मामांनी पिशवी उचलली. माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. पण बायकोनं बोलणं टाकलं, तेव्हा मी रोह्याला गेलो. म्हटलं, "दुकानात या. फक्त गिऱ्हाइकासमोर गप्प बसा."

मामा हसले. "गप्पच बसायचं तर माझी पडवी काय वाईट हाय?"

मी सगळे डाव टाकून पाहिले. मामा तसूभर हलले नाहीत. चहा पिऊन परतलो.

दुकान आता झकास चालतं. कोणी बंद पडलेली बॅटरी आणली की मी नवीचा भाव सांगतो आणि, का कोण जाणे, क्षणभर थांबतो. मध्ये कोणीच काही बोलत नाही. सौदा लगेच होतो.