गार्डसाहेबांचे तीन पाइप

अप्पाराव मगरे रेल्वेतून रिटायर होऊन वडीगोद्रीला परत आले ते पंचाहत्तर साली. पोरवयात गाव सोडलं तेव्हा ते रुळांवर खडी टाकायच्या कामाला गेले होते. परत आले तेव्हा मालगाडीचे गार्ड होते. काचीगुडा ते मनमाड या मीटरगेजच्या रस्त्यावर त्यांचं सगळं आयुष्य गेलं. गावात लोक त्यांना गार्डसाहेब म्हणू लागले. म्हणायचे, आणि पुढे निघून जायचे.

घर त्यांनी आधीच बांधून ठेवलं होतं. बौद्धवस्तीच्या टोकाला, डांबरी सडकेला लागून दोन खोल्या, वर पत्रे आणि पुढे ओटा. ओटा गिरिजाबाईंच्या सांगण्यावरून चांगला रुंद केला होता. दोघांना पाय पसरून बसता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पण त्या ओट्यावर गिरिजाबाई एकदाही बसल्या नाहीत. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमध्येच काविळीनं त्या गेल्या, आणि अप्पाराव एकट्याचं सामान घेऊन गावी उतरले.

मुलगी शिवकन्या नांदेडला शाळेत शिकवायची. ती म्हणाली, "दादा, तिथं एकटे काय करून राह्यले तुम्ही? इकडं या." अप्पाराव एकदा जाऊन आले. जावई भला होता, पण घरात त्याचे आईवडील, दोन भाऊ, आणि निजायला जागा म्हणजे बैठकीतली सतरंजी. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून सतरंजी गुंडाळायची आणि मग आपण कुठं बसायचं, हेच त्यांना कळेना. ते परत आले. शेजारची मालनबाई, चुलतभावाची सून, दोन्ही वेळा भाकरी-कालवण आणून द्यायची. झाकलेलं ताट ठेवायची, "मामंजी, जेवून घ्या," म्हणायची आणि लेकरांच्या ओढीनं तशीच मागं फिरायची. दिवसभरात त्यांच्याशी बोललेलं तेवढं एकच वाक्य, असेही दिवस जायचे.

एकटेपणाची त्यांना सवय नव्हती असं नाही. मालगाडीचा गार्ड म्हणजे शेवटच्या डब्यातला एकटा माणूस. एखाद्या आडस्टेशनात गाडी बाजूला काढून ठेवली की तासन्‌तास समोर रान आणि वर घारी. त्या एकटेपणावर उपाय म्हणून काचीगुड्याच्या दिकॉस्ता नावाच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं त्यांच्या हातात पाइप दिला होता. "बिडी वाऱ्यावर जळून जाते," तो म्हणाला होता, "हा तुझ्यासोबत बसेल." आणि एक ताकीदही दिली होती. एका पाइपात एकच तंबाखू ओढायची. लाकडात वास मुरतो. काळी ओढलेल्यात गोड भरली, तर ना काळी लागते ना गोड.

अप्पारावांनी ती ताकीद नोकरीच्या नियमासारखी पाळली. हळूहळू त्यांच्याकडे तीन पाइप झाले. आखूड दांडीचा काळ्या, कडक तंबाखूचा, तो ड्यूटीवर. वाकड्या दांडीचा डब्यातल्या गोड, वासाच्या तंबाखूचा. तो सुट्टीच्या दिवशी. आणि तिसरा, लालसर लाकडाचा, घरच्या तंबाखूचा. ही तंबाखू गिरिजाबाई करायच्या. गावाकडून आणलेली पानं हातानं चुरायच्या, गुळाचं पाणी शिंपडून सावलीत वाळवायच्या आणि वरून लवंग कुटून घालायच्या. स्वतः कधी ओढली नाही. मिसरीपलीकडे त्यांना शौक नव्हता. पण नवऱ्याचे नखरे बघून हसायच्या. "तीन म्हशी दावणीला असल्यासारखं चाललंय. एकेकीचा चारा वेगळा!"

लवंग किती घालायची ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि अप्पारावांना कधी विचारावंसं वाटलं नाही.

त्या गेल्या तेव्हा डब्यात थोडी तंबाखू उरली होती. अप्पारावांनी ती चिमटी चिमटीनं पुरवली, तरी पूर्णा सोडायच्या आत संपलीच. मग तिसरा पाइप तसाच राहिला. पेटवायचा प्रश्न नव्हता. पण नुसता तोंडात धरून ओढला की लवंगेचा आणि करपल्या गुळाचा वास घशापर्यंत यायचा. वडीगोद्रीच्या ओट्यावर दिवेलागणीला ते हेच करत बसायचे. सडकेवरून बीडचे ट्रक जात असायचे आणि त्यांच्या तोंडात विझलेला पाइप असायचा. येणारेजाणारे बघायचे. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असावं, असंही कुणी म्हणालं असेल.

एकदा त्यांनी आपल्या हातानं तशी तंबाखू करून पाहिली. तळहातावर घेऊन हुंगली, आणि ओट्याखाली झटकून टाकली.

सडकेच्या पलीकडे कारभारींचं शेत होतं. कारभारी हे त्यांचं नावच. दोघं एकाच वयाचे, गावच्या शाळेत एकाच वर्गात. फक्त कारभारी आत बसायचे आणि अप्पाराव दाराबाहेर. त्या गोष्टीला किती काळ लोटला होता. आता कारभारी भेटले की आधी हात वर करायचे. "रामराम, गार्डसाहेब!"

"जयभीम, कारभारी."

"संध्याकाळी खळ्यावर येत जा की. आमी चार जण बसतो लिंबाखाली. तुमी रेल्वेतलं सांगा कायतरी."

अप्पाराव गेले. धुतलेलं धोतर नेसून, वर कोट घालून गेले. बसायला घोंगडी मिळाली, बाजूला सरकून जागाही मिळाली. गप्पा रंगल्या. गोदावरीच्या पुलावर पुरात गाडी कशी थांबवून धरली होती, ते त्यांनी सांगितलं आणि लोकांनी तोंडात बोटं घातली. कुणीतरी चिलीम भरली. ओलं फडकं गुंडाळून ती या हातातून त्या हातात फिरू लागली. अप्पारावांच्या शेजारच्या माणसानं झुरका मारला, आणि चिलीम त्यांच्या अंगावरून पलीकडच्याला दिली. कारभारी लगबगीनं उठले. खळ्यावरच्या झोपडीच्या आढ्यात खोचलेली दुसरी चिलीम काढून त्यांनी पुढं केली. कोरी होती, कुंभार पिंपळगावच्या बाजारातून आणलेली.

"ही तुमच्यासाठी ठेवली, खास," ते म्हणाले. म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर आनंदच होता.

अप्पारावांनी ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, आणि घोंगडीवर ठेवून दिली. "मी चिलीम ओढत न्हाई," ते म्हणाले. "मला पाइपाची सवय हाये." गप्पा पुढं चालू राहिल्या. थोड्या वेळानं ते उठले. कुणी वाकडं बोललं नव्हतं, कुणी अपमान केला नव्हता. सडक ओलांडताना त्यांना राग धरायला काही सापडत नव्हतं, आणि तेच जास्त सलत होतं. त्यानंतर ते खळ्यावर गेले नाहीत.

वर्ष गेलं. काळी तंबाखू सिकंदराबादेहून यायची ती बंद झाली. गोड तंबाखूचा डबा जालन्यात मिळेना. तिन्ही पाइप कोरडे पडले. अप्पाराव ते रोज पुसून ठेवायचे.

पुढच्या पावसाळ्यात कारभारींची बायको द्वारकाबाई वारली. अप्पाराव मातीला गेले, लांब उभे राहिले, परत आले. मग एक दिवस भर दुपारी कारभारी त्यांच्या ओट्यापाशी येऊन उभे राहिले. टोपी हातात होती, दाढी वाढलेली.

"बसा," अप्पाराव म्हणाले.

कारभारी ओट्यावर टेकले. टोपी गुडघ्यावर ठेवून चाचपत राहिले. शेवटी म्हणाले, "घरात समदे हाईत. पोरं हाईत, सुना हाईत. पण मला कुणी काही इचारत न्हाई. ती इचारायची, कुठं गेल्ते म्हणून. इतका तरास व्हायचा तिच्या इचारण्याचा."

 अप्पारावांनी आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. कारभारींनी तांब्याकडे पाहिलं, क्षणभर थांबले, आणि वरून धार धरून प्यायले. मग दारातून आत, भिंतीतल्या खिळ्यांवर टांगलेल्या पाइपांकडे त्यांची नजर गेली.

"तीन कशाला वो?"

अप्पारावांनी सांगितलं. हा कशाचा, तो कशाचा, एकाची दुसऱ्यात का भरायची नाही. बोलता बोलता गिरिजाबाईंच्या तंबाखूचंही सांगून टाकलं, लवंगेसकट. इतकं सलग ते कितीतरी महिन्यांत बोलले नव्हते.

"बराबर हाये," कारभारी मान हलवत म्हणाले. "ज्याचं त्याला वेगळं पायजे. मी पण तुमच्यासाठी वेगळी चिलीम ठिवल्ती, तुमी ओढलीच न्हाई."

"ती चिलीम तंबाखूसाठी वेगळी नव्हती, कारभारी."

कारभारींनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा आधी कोरा होता. मग हळूहळू उतरला. त्यांनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली, आणि सडक ओलांडून गेले.

अप्पाराव त्या ओट्यावर तसेच बसून राहिले. खरं तेच बोललो, असं ते स्वतःला सांगत होते. पण खरं बोलून झाल्यावर ओटा पहिल्यापेक्षा रुंद वाटत होता. बायको गेलेला माणूस आपणहून दारात आला होता, आणि आपण त्याला उठवून लावलं. दुसऱ्या दिवशी ते पलीकडच्या शेताकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशीही. कारभारी बांधावर दिसायचे, पण मान वर करायचे नाहीत. मालनबाईनं विचारलं, "मामंजी, जेवण उरलं कसं?" ते म्हणाले, "भूक न्हाई."

पुढचा बाजार झाला त्या संध्याकाळी, उजेड असतानाच, कारभारी आले. हातात फडक्यात बांधलेली पानं होती.

"पिंपळगावची तंबाखू हाये," ते म्हणाले. "बसून ओढू म्हणलं."

"चिलीम आणली का?"

"न्हाई आणली." कारभारींनी फडकं सोडलं. "तुमचा पाइप भरा. तुमी ओढा, मंग मला द्या."

"कारभारी, लोक सडकेवरून बघून राह्यलेत."

"बघू द्या. मी काय चोरी करायला आलो का?" ते म्हणाले. तरी एकदा सडकेकडे वळून पाहिलंच.

अप्पाराव उठून खिळ्यांपाशी गेले. पानाची साधी तंबाखू. आखूड पाइपात भरली तर त्याची कडक चव बिघडेल, वाकड्यात भरली तर गोड वास मरेल. नियमानं ती तिसऱ्याचीच. पण तिसऱ्यात गिरिजाबाईंचा वास होता, आणि लवंग नसलेली तंबाखू एकदा त्यात जळली की तो वास उरणार नव्हता, हे त्यांना गाडीच्या वेळापत्रकासारखं ठाऊक होतं. आखूड पाइप त्यांनी हातात घेतला. परत टांगला. बाहेर कारभारी पानं चुरत होते, गुडघ्यावर फडकं पसरून, अगदी मन लावून.

अप्पारावांनी लालसर पाइप काढला.

पहिला झुरका त्यांनी घेतला. त्यात लवंग आली, गूळ आला, पूर्णेची चूल आली. दुसऱ्यात थोडीशी. तिसऱ्या झुरक्याला नुसती तंबाखू होती, घसा जाळणारी. त्यांनी पाइप कारभारींच्या हातात दिला. कारभारींनी तो धोतरानं पुसला नाही, त्यावर फडकं गुंडाळलं नाही. तसाच तोंडात धरला, जोरात ओढला आणि खोकून खोकून लाल झाले.

"अप्पा," डोळे पुसत ते म्हणाले, शाळेत म्हणायचे तसं. "लई कडक हाये रे."

अप्पारावांचे डोळेही भरले होते. धुरानं, असं ते म्हणू शकले असते. कारभारींनी विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात कारभारी बहुतेक संध्याकाळी ओट्यावर यायचे. बोलणं फार व्हायचं नाही. गावात कुजबुज झाली. थोरल्या मुलानं बापाला एकदा तोंडावर हटकलं. "मला बाटवायला आता उरलंय काय?" असं आपण त्याला म्हणालो, हे कारभारींनीच येऊन सांगितलं. खळ्यावरचे बाकीचे मात्र कुणी आले नाहीत, आणि अप्पारावांनी कुणाची वाट पाहिली नाही.

उन्हाळा लागता लागता कारभारींना अर्धांगाचा झटका आला. धाकटा मुलगा औरंगाबादेत नोकरीला होता. तो जीप घेऊन आला आणि त्यांना घेऊन गेला. अप्पारावांना ते मालनबाईकडून कळलं.

थोड्या दिवसांनी ते एसटीनं औरंगाबादला गेले. पत्ता विचारत विचारत घर सापडलं. कारभारींची धाकटी सून उषाबाई हिनं दार उघडलं, चहा केला, सगळ्यांना दिला तसाच कपबशीत त्यांना दिला. कारभारी खाटेवर होते. उजवी बाजू गेली होती, बोलणं जड झालं होतं. अप्पारावांना बघून त्यांनी डावा हात उचलला. अप्पारावांनी तो धरला आणि गावाकडचं सांगत बसले. कापसाला भाव काय मिळाला, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाची गाय व्याली. मध्येच कारभारींनी काहीतरी म्हटलं. कळेना. अप्पारावांनी कान जवळ नेला.

"लवंग," कारभारी म्हणाले. "गेली ना... वहिनींची."

 ओट्यावरच्या त्या संध्याकाळी या माणसाला सगळं समजलं होतं तर.

"गेली," अप्पाराव म्हणाले. "जाऊ द्या. तुमी बरे व्हा."

कारभारींनी मान हलवली, नाही म्हणून की हो म्हणून, ते सांगता येत नव्हतं. उषाबाईनं औषधाची वेळ झाल्याचं सांगितलं तेव्हा अप्पाराव उठले. कारभारींनी हात लवकर सोडला नाही.

परतीच्या एसटीत पाचोडपर्यंत गर्दी होती. पाचोडला बहुतेक माणसं उतरली आणि गाडी रिकामी झाली. अप्पाराव खिडकीशी बसून होते. बाहेर काळी रानं, नांगरून ठेवलेली, अंधारत चाललेली. वडीगोद्री आली तशी कंडक्टरनं घंटी दिली. ते उतरले, सडकेकाठच्या दुकानातून त्यांनी आगपेटी घेतली, आणि घराकडे चालू लागले. कारभारींच्या फडक्यातली थोडी पानं घरी अजून उरली होती. मालनबाईनं ताट झाकून ठेवलं असणार, हे त्यांना माहीत होतं.