शेजारच्या खाटेवरची नजर

बाबांच्या शेजारच्या खाटेवर डायलिसिसला येणारे ते काका मला आधी मुळीच आवडायचे नाहीत. सगळं आयुष्य कामतघरच्या कापड गिरणीत, लूमवर गेलेलं, त्यामुळे साधं "पंखा चालू हाय का?" हेसुद्धा ओरडून विचारायचे. शिवाय कोणी बोलायला लागलं की त्याच्या ओठांकडे टक लावून बघत राहायचे. मला त्या नजरेने अवघडल्यासारखं व्हायचं. मी उगाचच ओढणी सारखी करत बसायचे.

एकदा मशीन सुरू असताना बाबांनी डोळे मिटले. ओठ तेवढे हलत होते. त्यांचा जप नेहमी असाच, आवाज न करता चालतो, म्हणून मी खुशाल पेपर वाचत बसले.

एवढ्यात शेजारून आरोळी आली, "ओ शिस्टर, धावा! बाबा चक्कर येते म्हनतान!"

सिस्टर धावत आली. बीपी एकदम उतरलं होतं. तिने बाबांचे पाय उंच केले, सलाइन सोडलं. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला आणि बाबांनी चहा मागितला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

"काका, तुम्हाला ऐकू कसं गेलं?"

ते माझ्या ओठांकडे बघत हसले. "ऐकाला कुठं येतं, ताई? लूमच्या खडखडाटात आमी असंच बोलतो. तोंडाकडं बगून."

आता निघताना मी दारातूनच, आवाज न काढता, नुसते ओठ हलवते, "येते, काका." आणि अख्खा वॉर्ड दचकेल अशा आवाजात उत्तर येतं, "या ताई, या! सावकाश जा!"