आमच्या वन्सं आणि तिसरी कॉइल

आमच्या वन्संना घरात सगळे चिमी म्हणतात. चिमी! गॅरेजचं शटर अर्धं वर असलं तर मी ताठ मानेने आत जाते आणि त्यांना वाकावं लागतं, एवढी उंची. पण लाड म्हणजे लाड. माझे यजमान 'चिमी जेवली का' हे विचारल्याशिवाय घास उचलत नाहीत. मी जेवले की नाही, हे त्यांना बहुधा भांड्यांच्या आवाजावरून कळत असावं.

वन्सं म्हणजे यजमानांची धाकटी बहीण. माझ्याहून लहान, पण नणंद ती नणंद, म्हणून मी 'अहो-जाहो' करते. त्या मला 'वहिनी' म्हणतात ते इतक्या गोड आवाजात, की तिथंच माझं डोकं फिरतं. खाष्ट असत्या तर सोपं झालं असतं. चार शब्द त्यांनी ऐकवले असते, आठ मी ऐकवले असते, झालं. पण या बाईत नाव ठेवायला जागा सापडत नाही. चहाचा कप स्वतः विसळतात. काम झालं की एकेक पाना पुसून जागेवर टांगतात. माझे पाने मी शोधत फिरते, ते यांनीच कुठेतरी नीट लावून ठेवलेले असतात.

हे गॅरेज आम्ही दोघांनी उभं केलं. यजमान इंजिन बघायचे. वायरिंग, स्टार्टर, डायनॅमो माझ्याकडे. माझ्या वडिलांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, तांब्याच्या तारेत आणि वॉर्निशच्या वासातच मी वाढले. गाडी कुठे अडली की यजमान कामात बुडालेलं डोकं वर न काढता हाक मारायचे, "अगं, जरा बघ ना." नवरा-बायकोत प्रेमाची भाषा लोक काय काय बोलत असतील, आमच्यात ती एवढीच होती. मला पुरत होती.

मग वन्सं कंपनीच्या वर्कशॉपातली नोकरी सोडून लॅपटॉप घेऊन घरी आल्या, आणि हाक बदलली. "चिमी, जरा लावून बघ ना." लॅपटॉपची वायर स्टेअरिंगखाली खोचायची, पडद्यावर उमटलेलं वाचायचं आणि दादाकडे बघून मान हलवायची. मी बाजूला मीटर घेऊन उभी, लग्नात न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखी. मत्सर वाईट असतो, हे मला कोणी सांगायला नको. पोटात दुखत होतं ते दुखतच होतं.

एकच आशा होती. जुन्या कंपनीने त्यांना दुसऱ्या शहरातल्या वर्कशॉपात परत बोलावलं होतं, मोठ्या हुद्द्यावर. यजमान म्हणत होते, "इथंच राहा की. गॅरेज आपलंच आहे." वन्सं म्हणायच्या, "बघते, दादा." आणि मी मनातल्या मनात त्यांची बॅग भरून दाराशी ठेवली होती.

अशात शिकवणीवाल्या बाईंची गाडी आली. या बाई माझ्या. म्हणजे त्यांच्या गाडीचा हॉर्न सुद्धा माझ्याशिवाय कोणी उघडलेला नाही. गाडी धक्के खात होती, डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागलेला. वन्संनी लॅपटॉप लावला. तिसऱ्या सिलिंडरला ठिणगीच नव्हती.

"वायर तुटली असणार," मी ठणकावून सांगितलं. माझं खातं होतं ना ते! इंजिनवरचा वायरींचा सगळा जुडगा उघडला, टेप सोलली, एकेक वायर मीटरवर धरली. दिवस त्यात गेला. एकही वायर तुटलेली नव्हती. देवाशपथ, एखादी तुटलेली असती तर मी तिला ओवाळलं असतं.

वन्सं तोवर एक शब्द बोलल्या नाहीत. हेही मला लागलंच. मग त्यांनी छोटा टेस्ट लॅम्प घेतला, इंजिन चालू करायला लावलं आणि चारही कॉइलच्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या गुंडाळ्यांच्या, वायरींवर पाळीपाळीने लावला. तिन्हीकडे लुकलुकला. तिसऱ्या कॉइलच्या वायरीवर मख्ख.

"वायर धड आहे, वहिनींनी तपासलीच आहे. सप्लाय येतोय, अर्थिंग चांगलं आहे. पण वरून हुकूमच येत नाहीये. ईसीएम गेलाय, दादा."

बाईंचा चेहरा पडला. वन्संनी त्यांना स्टूल दिलं आणि सांगितलं, "ईसीएम म्हणजे गाडीचा मेंदू. ठिणगी कधी पाडायची, पेट्रोल किती सोडायचं, सगळं तोच ठरवतो. त्यातला तिसऱ्या कॉइलचा भाग जळलाय. नवा बसवावा लागेल."

"किती छान समजावते हो ही!" बाई मला म्हणाल्या. मला! इतक्या वर्षांत मला या बाईंनी 'झाली का गाडी?' याखेरीज एक प्रश्न विचारला नव्हता. नाकाला मिरच्या झोंबल्या, पण हसले. हसताना दात दुखतात, हे मला त्या दिवशी कळलं.

नवा ईसीएम आला. वन्संनी बॅटरीची तार काढली, एअर फिल्टरशेजारचा जुना डबा सोडवला, नवा बसवला. पण नवा ईसीएम आल्या आल्या कामाला लागत नाही. तो गाडीची किल्लीच ओळखत नाही, आणि ओळख पटेपर्यंत गाडी चालू होऊ देत नाही. लॅपटॉप लावून त्या दोघांची ओळख करून द्यायची असते. वन्सं गाडीत बसून ते करत होत्या, यजमान खिडकीत वाकून बघत होते, कौतुकाने तोंड उघडं. बाईही स्टूल ओढून जवळ.

"अगं," यजमान मागे न बघता म्हणाले, "तेवढ्या कॉइल बसवून टाक."

प्लग बघायला काढून ठेवलेल्या कॉइल. पडेल ते काम माझं. बसवल्या मी. पहिली, दुसरी. तिसरी हातात घेतली आणि वास आला. वडिलांच्या दुकानात जळलेली मोटर उघडली की यायचा, तो. कडवट, घशात बसणारा. कॉइल नाकाशी नेली, मग मीटर लावला. बाकीच्या तिघींशी ताडून पाहिलं. आतून शॉर्ट होती. हिनेच जुना ईसीएम जाळला होता, आणि गाडी चालू झाली की नवाही जाळणार होती.

वन्संच्या हे ध्यानात आलं नव्हतं. कंपनीत असंच चालतं: पडद्याने सांगितलं मेंदू गेला, मेंदू बदला, पुढची गाडी घ्या. का गेला, हे विचारायला तिथं कोणाला सवड असते?

"झाली ओळख!" वन्सं म्हणाल्या. "वहिनी, लावल्या ना कॉइल?"

"लावल्या," मी म्हटलं. आणि खरंच, चौथी बसवली, तिसरी खाली दाबून तिचा कनेक्टरही लावला. खट्‌ आवाज झाला.

मला काही करायचंच नव्हतं. नुसतं मूग गिळून उभं राहायचं होतं. नवा ईसीएम जळला असता, बाईंचं तोंड आंबलं असतं, यजमानांचं उघडं तोंड मिटलं असतं, आणि चिमी खाली मान घालून कंपनीकडे निघून गेली असती. माझी हाक मला परत मिळाली असती. माझ्यावर कोणी बोटही ठेवलं नसतं. निदान त्यांचंच होतं ना!

वन्संनी किल्लीला हात घातला.

"ए चिमे! हात काढ! किल्ली फिरवलीस तर बघ!"

असं का ओरडले, ते मला अजून नीट सांगता येत नाही. माझ्या हाताने लावलेली कॉइल होती, आणि माझ्या हाताने लावलेल्या वस्तूने आजवर काही जाळलेलं नाही, एवढंच.

वन्सं उतरल्या. कॉइल हुंगली, मीटरवरचा आकडा पाहिला आणि पांढऱ्याफटक पडल्या. दुसरी कॉइल आणून लावली, तेव्हा गाडी एका झटक्यात चालू झाली, शांत, एकसारखी. बाईंनी दोन्ही हात धरून आभार मानले. कोणाचे? चिमीचे. "तूच शोधलंस गं!"

संध्याकाळी मी नळावर हात धूत होते, तेव्हा वन्सं शेजारी आल्या.

"वहिनी, मी आज कंपनीला होकार कळवणार होते. तुम्ही मला पाण्यात पाहता, हे मला कळत नाही असं नाही. म्हटलं, कशाला कोणाच्या संसारात पाय पसरा? पण आज तुम्ही ओरडलात." त्यांनी साबण माझ्याकडे सरकवला. "आता नाही जात मी कुठे. मला तो वास ओळखायला शिकवा."

मी हात चोळत राहिले. ग्रीस केव्हाच निघालं होतं.

रात्री जेवताना यजमानांचा आनंद ताटात मावत नव्हता. "चिमी राहतेय! मी इतकं सांगून ऐकेना, आणि आज आपण होऊन म्हणाली. तू काही बोललीस का तिला?"

"बोलले ना," मी म्हटलं. "गप्पच बसायला हवं होतं."