एकोणतीसचं ॲव्हरेज

माझ्या बाबांनी नऊ वर्षांत एकदाही करकचून ब्रेक दाबलेला नाही. लोक हे कौतुकानं सांगतात. मी मात्र रागानं सांगतेय.

त्यांचं नाव शालिकराम. मी लहान असताना ते नागपुरात कळमन्याच्या बाजारातून संत्र्यांचा टेम्पो चालवायचे. तेव्हा ते वेगळेच होते बाई! शिट्टी वाजवत गाडी वळवायचे, समोर गाय आली तर गायीशी भांडायचे. रविवारी बाजाराचं आवार रिकामं असलं की मला मांडीवर घेऊन स्टेअरिंग माझ्या हातात द्यायचे, आणि आई बाहेरून ओरडायची, "अवो, पोरीले खाली उतरवा ना!" गाडी चालवायचं माझं वेड तिथलंच.

मग नऊ वर्षांपूर्वी ते भैय्याजींकडे ड्रायव्हर म्हणून लागले. भैय्याजींचं इतवारीत भांड्यांचं होलसेल दुकान आहे. ते वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या. दिवाळीला कपडे देतात, आईच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात स्वतः येऊन गेले. फक्त दोन वर्षांपूर्वी त्यांनी हायब्रिड गाडी घेतली आणि आमच्या घराचं वाटोळं केलं.

ही गाडी पेट्रोलवरही चालते आणि बॅटरीवरही. गरज नसली की इंजिन आपोआप गप्प बसतं. समोरच्या स्क्रीनवर दर लिटरला किती किलोमीटर गेली ते दिसतं, आणि तेच भैय्याजींच्या मोबाइलवरही जातं. भैय्याजी ते सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रमंडळींना दाखवतात. "कंपनीवाले काय सांगतात ते सोडा, आमच्या शालिकरामचा पाय पाहा!" एवढं एक वाक्य बाबांच्या कानावर पडलं, आणि झालं, माणूस गेला कामातून.

हायवेला लागलं की बाबा क्रूझ ऐंशीवर लावायचे. एकदा लावलं की गाडी तोच वेग धरून बसते, पाय बाजूला घ्यायचा. ब्रेकला नुसता स्पर्श झाला की क्रूझ सुटतं. पण चढ आला की बाबा ते स्वतःहून काढायचे. "चढावर क्रूझ येड्यावानी पेट्रोल पिते," ते सांगायचे. "वेग टिकवाच लागते ना त्याले. आपण थोडा पडू द्यायचा, उतारावर वापस घ्यायचा. हे मशीनले समजत नाही, पायाले समजते." शंभरच्या वर गेलं की हायब्रिडची सगळी मजा संपते, हेही त्यांनी मला शंभरदा सांगितलं असेल.

हे गाडीतच राहिलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण ते घरात आलं. आईनं कूकर लावला की बाबा येऊन गॅस बारीक करणार. माझ्या स्कूटीवर मागे बसले की कानाशी सुरू, "हळू सोड, हळू सोड." रात्री जेवताना आम्ही दोघी विचारायचो, आज किती? सव्वीस असलं तर भाजीला चव नसायची. अठ्ठावीस असलं की स्वारी दोन पोळ्या जास्त खायची. एकोणतीस मात्र कधी आलं नव्हतं. मेट्रोत ट्रेन चालवायला माझी निवड झाली, ते पत्र मी त्यांच्या हातात दिलं, तेव्हा ते म्हणाले, "वा! आजचा दिवसच भारी. अठ्ठावीस पॉइंट तीन आले." मी हसले होते. आता हसू येत नाही.

ट्रेनिंग संपलं आणि मला एकटीनं चालवायची पहिली फेरी मिळाली. गुरुवार. बर्डीच्या स्टेशनात माझी गाडी संध्याकाळी पाच बावन्नला लागणार, तीस सेकंद थांबणार आणि पुढे जाणार. एकच फेरी. मला फक्त एवढं हवं होतं की गाडी फलाटावर घेताना काचेतून बाबा दिसावेत. बाकी कोणी नाही आलं तरी चालेल. ज्यांनी स्टेअरिंग हातात दिलं ते दिसावेत.

"भैय्याजीले सांगून ठेवा," मी चार दिवस आधीपासून म्हणत होते.

"हो ना वं. पाचलेच येऊन उभा राहतो."

नाही सांगितलं. गुरुवारी भैय्याजींना कारंज्याला साडूकडे जेवायला जायचं होतं, आणि बाबा मुकाट्यानं निघाले. परत निघायला सव्वातीन झाले. समृद्धी महामार्गावरून नागपूरच्या टोकापर्यंत जवळपास दीडशे किलोमीटर, पुढे शहरातलं अर्धा-पाऊण तास. शंभर-एकशे दहानं आले असते तर साडेपाचच्या आधीच बर्डीवर असते, आणि त्या रस्त्यावर एकशे वीसची परवानगी आहे. बाबांनी ऐंशीवर क्रूझ लावलं.

भैय्याजी मागे झोपले. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंनी कुंपण, मध्ये ना चहाची टपरी ना गाय. चार वाजले, साडेचार वाजले. घड्याळाच्या शेजारीच तो आकडा. अठ्ठावीस पॉइंट सहा. अठ्ठावीस पॉइंट आठ. मागून येणारी प्रत्येक गाडी पुढे निघून जात होती.

शहरात शिरल्यावर भैय्याजी जागे झाले. मोबाइल पाहिला आणि ओरडलेच, "अबे शालिकराम! एकोणतीस! पॉइंट एक! थांबव, थांबव गाडी." आणि वाटेत मिठाईच्या दुकानासमोर गाडी उभी करायला लावून संत्रा बर्फीचे दोन डबे घेतले, एक स्वतःला, एक बाबांना. तिथे सहा मिनिटं गेली.

इकडे मी गाडी घेऊन बर्डीला आले. फलाटावर ठेवणीतलं पातळ नेसून आई एकटी उभी होती. तिनं हात केला आणि पहिल्या डब्यात चढली. दारं लागली. मी निघाले.

घरी आले तर बाबा आधीच पोचले होते. पाटावर बर्फीचा डबा. मला वाटलं माझ्यासाठी. मी एक वडी तोंडात टाकली, डोळे भरून आले माझे, आणि आई म्हणाली, "ते ॲव्हरेजची हाय." तेवढ्यावर मी उठले. रात्रभर त्यांच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भैय्याजींचा फोन. "काय वं पोरी, मेट्रो चालवून राहिली म्हणे तू! आज सांगतलं तुह्या बापानं. अवं, काल सांगाचं ना! मी तर मागे झोपून होतो. म्हटलं असतं, हाण शंभरनं, आग लाव त्या ॲव्हरेजले."

म्हणजे अडवणारं कोणीच नव्हतं! माझं डोकंच फिरलं. बाबा संध्याकाळी आले, चप्पल काढत होते, तिथेच मी त्यांना धरलं.

"काहून नाही सांगतलं बाबा? काय झालं असतं? खाल्लं असतं का त्याहिनं तुमाले?"

ते खाली बसले. पायाचा अंगठा चोळू लागले.

"वर्ध्याच्या अलीकडं पाय ब्रेकवर नेला होता मी," ते म्हणाले. "नुसता टेकवाचा होता. सुटलं असतं क्रूझ. साहेब झोपून होते, विचारणारं कोणी नव्हतं. पाय टेकलाच नाही वं. गाडी त्याहिची, पेट्रोल त्याहिचं. नऊ वर्षं झाले, आता पायही माहा राहिला नाही. आणि खोटं काहून बोलू, मलेही ते एकोणतीस पाहाचे होते."

मला त्यांना रडवायचं होतं. ते रडले नाहीत. उलट माझ्याकडे बघून हसले.

"पण आलो होतो मी. साहेबाले सोडलं अन् धावत सुटलो. सरकत्या जिन्यावर समोर दोन बाया बॅगा घेऊन उभ्या, पुढं जाता येत नव्हतं. वर पोचलो तं दारं लागून राहिले होते. डबा वर करून दाखवला तुले. तुले दिसलो नसन."

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. केबिनमधल्या स्क्रीनवर मागचा फलाट दिसतो. तिथे एक माणूस धावत येत होता, हातात पांढरा डबा, शर्ट पाठीला चिकटलेला. मी ओळखलं. दारं पुन्हा उघडायचं बटण माझ्या हाताशी होतं. दहा सेकंद उशीर झाला असता, वहीत एक नोंद झाली असती, आमच्या मेट्रोतल्या साहेबांनी एक प्रश्न विचारला असता. पहिल्याच दिवशी. माझं बोट बटणापर्यंत गेलं, आणि मी वेळेवर गाडी सोडली.

"नाही दिसलात," मी म्हटलं.

"गर्दी होती ना," बाबा म्हणाले. "पण गाडी काय उचलली वं तू! जरासा झटका नाही. मी उभा राहून पाहून राहिलो होतो, पार वळणापर्यंत."