बत्तिसावं पान

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बाबांनी माझं जुनं कॉमिक्स ओट्यावर घेतलं आणि त्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर ओलं फडकं ठेवलं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता वर्ध्याला माझी एम.ए.ची मौखिक परीक्षा होती. माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक असलेल्या सरांनी सांगितलं होतं, "मूळ पुस्तक सोबत आण. बाहेरून येणाऱ्या मॅडम बघायला मागतील." पुस्तकाचा पुठ्ठा कुरतडलेला होता, कोपरे फुगले होते. अशा अवतारात ते परीक्षकांपुढे न्यायचं बाबांना पटेना. ते सेवाग्रामच्या दवाखान्यात रेकॉर्ड रूममध्ये फाइली शिवायचं काम करायचे. पुठ्ठा बदलणं त्यांच्या हातचा मळ होता.

माझा विषय ऐकून घरात आधी हसू झालं होतं. सुपरहिरोचं कॉमिक्स आणि त्यावर निघालेला सिनेमा, या दोन्हींची तुलना.

"कॉलेजात आता सिनेमावर लिवतेत?" आईने विचारलं होतं.

"लिवू दे. तो लाइनमन हाय ना, खांबावर न चढता लाइट देते," बाबा म्हणाले होते. "आपल्या तळेगावले पाठवा म्हना त्याले."

आमच्या त्या हिरोच्या बोटांतून वीज निघायची. तळेगावात लोडशेडिंगच्या दिवसांत आम्ही त्याची हिंदी कॉमिक्स खिडकीच्या उजेडात वाचायचो. बसस्टँडजवळ एका काकांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. ते कॉमिक्स एका दिवसाच्या बोलीवर वाचायला द्यायचे. पोरांच्या हाताने पानं निघतात म्हणून नवीन अंक आला की काका त्याला दोन्हीकडून पुठ्ठा चिकटवायचे. कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली मैद्याची खळ, वर दगड, दोन दिवस उन्हात. तोवर आम्ही दुकानासमोर घिरट्या घालायचो. मी दहावी पास झाले तेव्हा त्यांनी माझ्या आवडीचा अंक मला देऊनच टाकला. माझ्या प्रबंधाचा मूळ आधार तो एवढाच.

प्रबंधात तीन प्रकरणं होती. पहिलं पोशाखावर. कॉमिक्समधला हिरो आपला पोशाख स्वतः धुतो, दोरीवर वाळत घालतो. सिनेमात तो पोशाख कधी मळतच नाही. दुसरं खलनायकावर. कॉमिक्समध्ये तो वीज चोरणारा कारखानदार आहे. सिनेमात त्याला दुसऱ्या ग्रहावरून आणलं, म्हणजे कोणाचं मन दुखवायला नको. आणि तिसरं, चौदा पानांचं, शेवटावर. कॉमिक्सच्या शेवटच्या चित्रात हिरो वीजघरात उभा आहे. खटका ओढला तर शहर उजळेल, पण त्याची शक्ती कायमची जाईल. त्याचा हात खटक्यावर आहे आणि गोष्ट तिथेच थांबते. सिनेमात तो खटका ओढतो, शहर उजळतं, आणि गर्दीतून साध्या माणसासारखा चालत जाताना तो म्हणतो, "अब रोशनी तुम्हारी है." थिएटरात या वाक्याला शिट्ट्या पडल्या होत्या. मी लिहिलं होतं की कॉमिक्स निर्णय वाचकावर सोपवतं आणि सिनेमा तो हिसकावून घेतो. त्या वाक्याला मी 'टाळ्यांसाठी घुसडलेलं' म्हटलं होतं.

सरांना हेच प्रकरण सगळ्यांत आवडलं होतं. विभागातल्या चर्चासत्रात त्यांनी ते स्वतः वाचून दाखवलं होतं.

बाबांनी सुरीची पाठ पुठ्ठ्याखाली सरकवली. खळ सैल होऊन पान हळूहळू सुटायला लागलं. बाबा थांबले.

"माय, ह्याच्या मांगं चित्रं हायेत वं."

मी जवळ गेले. इतकी वर्षं ज्याला मी शेवटचं पान समजत होते त्याच्या पाठीवर आणखी एक पान छापलेलं होतं. खळीने पिवळं पडलेलं, पण स्वच्छ वाचता येत होतं. सहा चित्रं होती. खटका खाली येतो. शहर उजळतं. हिरो गर्दीतून चालत जातो. पाचव्या चित्रात त्याच्या तोंडी तेच वाक्य, अक्षरशः तेच. सहाव्याखाली 'समाप्त'. कोपऱ्यात आकडा बत्तीस.

काका प्रत्येक अंकाचं शेवटचं पान पुठ्ठ्याला चिकटवून टाकत होते, म्हणजे पकड घट्ट बसावी. आम्ही तळेगावची पोरं एकतिसाव्या पानावर थांबायचो आणि पुढे काय झालं असेल यावर हमरीतुमरीवर यायचो. कॉमिक्स अशीच संपतात, असं मला अगदी त्या रविवारपर्यंत वाटत होतं. ज्या सिनेमावर मी बेइमानीचा ठपका ठेवला तो निदान या ठिकाणी तरी मुळाशी पुरेपूर इमानदार निघाला होता.

प्रबंधाच्या प्रती महिन्याभरापूर्वीच जमा झाल्या होत्या. मॅडमनी माझी प्रत वाचली असणार. मौखिकीत प्रबंध नाकारला तर वर्ष जाणार, आणि घरच्यांकडे आणखी एक वर्ष मागायला मला तोंड नव्हतं. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. बाबांनी सोमवारची सुटी टाकली होती, रेकॉर्ड रूममध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

मी सरांना फोन केला.

"सर, शेवटचं पान सापडलं."

"मग चांगलंच झालं की."

मी सगळं सांगितलं. मग ते शांतपणे म्हणाले, "हे बघ. तुझ्या हातात जी प्रत होती तिच्यावर तू लिहिलंस. यात खोटं काय? मॅडमना उद्या पाच जणांना तपासायचंय. कॉमिक्स त्यांनी आयुष्यात हातात धरलं नसेल."

"पण आता माहीत झालं ना, सर."

"उद्या बारा वाजेपर्यंत माहीत झालेलं नाही, असं समज."

सरांबद्दल वाईट लिहिताना माझा हात अडखळतो. प्रवेशाची मुदत संपायच्या दिवशी माझा फॉर्म त्यांनीच स्वतःच्या टेबलाशी बसवून भरून घेतला होता. एम.ए. म्हणजे काय हेही मला धड माहीत नव्हतं तेव्हा. ते नसते तर मी तो फोन करायच्या जागी पोचलेच नसते.

फोन ठेवला तेव्हा बाबा पंख्याखाली ते पान धरून उभे होते.

"मी हातच लावाले नाई पाह्यजे होता," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "परत चिकटवून देऊ का? घरात मैदा हाय. कोनाले समजन?"

आई भांडी घासता घासता वळली. "चिकटवा, चिकटवा. अन पौर्णिमेले विहारात जाऊन खोटं न बोलाचं शील मोठ्यानं म्हना."

"तू चूप बस वं. तिचं वरीस जाऊन राह्यलं."

"वरीस तिचं हाय. तिले इचारा."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मला काहीच ठरवता येईना. मी म्हटलं, "पान तसंच राहू द्या." एवढंच. बाबांनी पुस्तकाला नवा पुठ्ठा घातला, आणि सुटं पान सुरकुतू नये म्हणून एक्स-रेच्या एका रिकाम्या पाकिटात घालून माझ्या पिशवीत ठेवलं. सकाळी निघताना ते म्हणाले, "तुले जे वाटन ते करजो." सोबत येतो म्हणून सुटी घेतलेला माणूस ऐन वेळी घरीच थांबला. आईला म्हणाले, माझ्याकडे पाहून ती घाबरेल.

विभागात माझ्याआधी दोघं होते. त्यांची मौखिकी दहा-दहा मिनिटांत उरकली. बाहेर येऊन एक जण म्हणाला, "मॅडम एकदम शांत आहेत यार, टेन्शन नको घेऊ." पिशवीतलं पाकीट मी दोनदा चाचपलं.

आत मॅडम आणि सर शेजारी बसले होते. मॅडम पन्नाशीच्या, केस आवळून बांधलेले. माझ्या प्रबंधात त्यांनी कागदाच्या बारीक पट्ट्या घातलेल्या दिसल्या. जवळजवळ सगळ्या तिसऱ्या प्रकरणात.

"बसा. पाच प्रबंधांमध्ये मला हाच आवडीने वाचावासा वाटला," त्या म्हणाल्या. "विशेषतः शेवटाचं प्रकरण. मूळ पुस्तक आणलंय?"

मी पुस्तक पुढे केलं. त्यांनी नवा पुठ्ठा पाहिला आणि सावकाश, एकेक पान उलटत गेल्या. पोशाख वाळत घातल्याचं चित्र आलं तिथे हसल्या. सरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. मॅडम तिसाव्या पानाशी आल्या तेव्हा सुटं झालेलं शेवटचं पान मी पाकिटातून काढून, एकतिसाव्याची बाजू वर करून, पुढे ठेवलं.

"हं. हाच तो हात," त्या म्हणाल्या. "हे धाडस आहे हो. इथे थांबायचं. लेखकाने हे का केलं असावं, तुम्हाला काय वाटतं?"

उत्तर मला पाठ होतं. चौदा पानांचं होतं. सर माझ्याकडे पाहत नव्हते, खिडकीकडे पाहत होते. मी तोंड उघडलं आणि "मॅडम, लेखकाने वाचकावर विश्वास" एवढं बोलून थांबले. मॅडम वाट पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं कौतुक होतं की त्याचीच मला भीती वाटली.

"मॅडम, लेखक इथे थांबलेला नाही," मी म्हटलं. "माझं चुकलंय."

मी ते पान त्यांच्यापुढे उलटलं. काकांचा पुठ्ठा, खळ, कालची दुपार, जमेल तसं सांगितलं. मॅडमनी पान वाचलं. मग माझा प्रबंध उघडला, एका पट्टीवर बोट ठेवलं आणि माझंच वाक्य मोठ्याने वाचलं. "'टाळ्यांसाठी घुसडलेलं.'" परत पानाकडे पाहिलं. कौतुक गेलं होतं.

"म्हणजे तिसरं प्रकरण संपूर्ण चुकीचं आहे."

"हो, मॅडम."

"मूळ आवृत्तीची दुसरी प्रत मिळते का, हे तपासलं नाहीत?"

"नाही, मॅडम. मला वाटलं नाही तसं."

"वाटायला हवं होतं. एम.ए. आहे हे." त्या सरांकडे वळल्या. "सर, तुम्हाला हे माहीत होतं?"

सरांनी टोपण पेनाला लावलं.

"नाही, मॅडम. मलाही आत्ताच कळतंय."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता मला विचारणार. विचारलं असतं तर मी काय बोलले असते, मला खरंच माहीत नाही. पण त्यांनी विचारलं नाही, आणि मी आपणहून काही बोलले नाही. स्वतःच्या चुकीबद्दल खरं बोलायला मला जेवढं बळ लागलं, तेवढंच ते गप्प राहणं सोपं गेलं. त्याची मला नंतर जास्त लाज वाटली.

मॅडमनी पान परत पाकिटात घातलं. "तुमच्या गावातली मुलं शेवट काय ठरवायची?"

"भांडायची, मॅडम. अर्धी म्हणायची ओढेल, अर्धी म्हणायची नाही ओढणार. मी न ओढणाऱ्यांत होते."

"का?"

"शक्ती गेली तर पुढचा अंक कसा निघेल, म्हणून."

त्या हसल्या नाहीत. गुणपत्रिकेवर माझ्या नावापुढे गुण न लिहिता त्यांनी नुसती रेघ मारून ठेवली. "पंधरा दिवस देते. तिसरं प्रकरण नव्याने लिहा. सिनेमा कुठे मुळाला धरून आहे आणि कुठे नाही, दोन्ही प्रामाणिकपणे. तुमच्या गावातल्या वाचनावर लिहायचं तर लिहा, पण ते गावाचं म्हणून लिहा, लेखकाच्या नावावर खपवू नका. मला पटलं नाही तर नापास करीन."

बाहेर येऊन बाबांना फोन लावला. "पास का नापास?" एवढंच त्यांनी विचारलं. "पंधरा दिवसांनी समजेल," मी म्हटलं. "म्हंजे सांगतलं तू," ते म्हणाले. रागावले की नाही ते कळलं नाही.

ते प्रकरण मी चार वेळा लिहिलं. पूर्वी मी सिनेमाला झोडपायचं ठरवून बसले होते, त्यामुळे काही गोष्टी दिसल्याच नव्हत्या. वीजघरातला प्रकाश दिग्दर्शकाने कॉमिक्सच्या चित्रावरून जसाच्या तसा घेतला होता. गर्दीतून जाताना हिरोचा वाकलेला खांदासुद्धा तोच होता. आणि ज्या माणसाने शेवट इतका जपला त्याने खलनायक मात्र बदलला होता. मग तो बदल नजरचुकीने झालेला नव्हता, घाबरून केलेला होता. हे मला बत्तिसावं पान पाहिल्यावरच म्हणता आलं.

पंधराव्या दिवशी सही घ्यायला सरांकडे गेले. मधल्या दिवसांत त्यांनी फोन उचलला नव्हता. त्यांनी प्रकरण शेवटपर्यंत वाचलं, मधेच कुठे थांबले नाहीत. मग पुढची पानं उलटून आभाराच्या पानाशी आले.

"माझं नाव ठेवलंस इथे?"

"हो, सर."

"मॅडमना त्या दिवशी काही बोलली नाहीस."

"नाही, सर."

सरांनी सही केली, तारीख घातली आणि प्रत माझ्याकडे सरकवताना घड्याळाकडे पाहून म्हणाले, "जा, पळ. ऑफिस चारला बंद होतं."

पावणेचार झाले होते. मी जिना उतरून धावत गेले आणि प्रत खिडकीतून आत दिली. क्लार्कने शिक्का मारला. मॅडमनी मला पास केलं, वर्गातल्या सगळ्यांत कमी गुणांनी. सरांशी मात्र मी त्या विषयावर पुन्हा बोलले नाही, त्यांनीही कधी काढला नाही.