डाव्या पायाचा आलेख

"अहो, हा नव्हे! तो दुसरा! मोडलेला दाखवा, मोडलेला!"

माझ्या गुडघ्यासमोर फोन धरून बायको अशी ओरडली, की सिंगापुरातल्या सेम्बावांगच्या आमच्या ब्लॉकमधल्या सगळ्या मजल्यांना माझ्या दोन्ही पायांची माहिती झाली.

फोनवर फिजिओ होती. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. पण तिने माझ्या धडधाकट डाव्या गुडघ्यावर बांधलेला सेन्सरचा पट्टा पाहिला, उजव्या गुडघ्यावरचा वीतभर व्रण पाहिला, आणि हसायची थांबली.

मी जहाजावर चीफ इंजिनिअर. इंजिन रूमच्या शिडीवरून तीन मजले खाली कोसळलो होतो. बायकोच्या मते चार पायऱ्या. पण ती तिथे नव्हती. गुडघ्याखालचं हाड फुटलं, इथल्या हॉस्पिटलात हाडाला स्टीलच्या पट्ट्या ठोकल्या, आणि घरी पाठवताना हा सेन्सर दिला. दिवसातून तीनदा पट्टा बांधून व्यायाम करायचा; गुडघा किती वाकतो ते आपोआप फिजिओला कळणार. खेपा घालायला नकोत. आठ आठवड्यांत एकशेदहा अंशांपर्यंत वाकला तर शिडी चढायला फिट, नाहीतर जहाज विसरा. माझी बॅग पहिल्या आठवड्यापासून दाराशी भरून तयार होती.

उजवा गुडघा साठावर अडला. पुढे रेटला की आत कुणीतरी गंजलेला नट उलटा फिरवतंय असं वाटायचं. मी ओरडायचो ते खाडीपलीकडे मलेशियातल्या जोहोर बाहरूला ऐकू जात असणार. एका दुपारी, पट्टा बिघडलाय का बघावं म्हणून तो डाव्या पायाला बांधला. आकडा एकशेतीस! स्क्रीनवर हिरवा आलेख, वर शाबासकी. मग तो पुन्हा उजवीकडे बांधायचा मी विसरलो. दिवसातून तीनदा विसरलो, सहा आठवडे.

"या पायाला कशाला?" बायकोने एकदा विचारलं होतं.

"तुलनेसाठी. त्यांनीच सांगितलंय."

दर आठवड्याच्या कॉलला मी फोन डब्याला टेकवून ठेवायचो. फिजिओला दिसायचं फक्त माझं तोंड. मांडी घालून जेवतो म्हणून तिला सांगितलं. मलाक्काच्या सामुद्रधुनीत बंद पडलेलं इंजिन मी लाथ मारून चालू केल्याचंही सांगितलं, ते याच पायाने. ती खूश होती. शेवटच्या कॉलला मात्र म्हणाली, चालून दाखवा, फोन दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगा.

जहाजावर आळशी ज्युनियर खाली न उतरता, गार कंट्रोल रूममध्ये बसून लॉगबुक भरतात. कालचे आकडे आज, आजचे उद्या. अशा कितीजणांना मी हातात टॉर्च देऊन खाली पिटाळलंय. इंजिनाला लॉगबुक वाचता येत नाही, ते आपल्या गतीने बिघडत राहतं. हे वाक्य माझंच. प्रत्येक जहाजावर ऐकवलेलं.

दुसऱ्या दिवशी सर्जनने हॉस्पिटलात बोलावलं. त्याने स्वतः गुडघा दाबून पाहिला. बासष्ट.

"सुरुवातीलाच कळलं असतं, तर भूल देऊन वाकवून दिला असता," तो म्हणाला. "आता आत सगळं चिकटून घट्ट झालंय. ऑपरेशन करून थोडं सोडवता येईल. चालणं सुधारेल. शिडी नाही."

मी त्याला एका चीफची गोष्ट सांगायला घेतली, जो लाकडी पायाने जहाजाच्या धुराड्यावर चढायचा. त्याने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, मध्ये एकदाही हसला नाही, आणि 'अनफिट'च्या कागदावर सही केली.

परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, एकाने उठून जागा दिली. पाय पुढे ताठ. माणसं तो ओलांडून जात होती. बायको शेजारी उभी, हातात सर्जनचा कागद.

घराचं दार उघडलं तर बॅग समोरच.

"ही इथेच राहू दे," मी म्हणालो. "कंपनीला मी सांगतो काहीतरी. माझं ऐकतात ते."

तिने चपला काढून कडेला ठेवल्या.

"रिकामी आहे ती," ती म्हणाली. "कालच कपडे कपाटात लावले."