बंद गाडीतली बासुंदी

पृथ्वी का तापते हे लोकांना समजावण्यात मी आयुष्यात एकदाच यशस्वी झालो, आणि त्यात मेहुणीच्या साखरपुड्याची बासुंदी खर्ची पडली.

नव्वदच्या दशकातला मे महिना. साखरपुडा सासुरवाडीत, गडमुडशिंगीला. कोल्हापुरातून बासुंदीचं पातेलं आमच्या जुन्या मारुतीतून न्यायचं काम माझं. (पातेलं उतरवायचंही माझंच होतं, हे नंतर कळलं.)

पोचताच नवऱ्या मुलाच्या वडिलांनी गाठलं. आजऱ्याचे गृहस्थ, आवाज खणखणीत.

"पावणं, पृथ्वी तापाय लागलीया म्हणं. सूर्य जवळ आलाय व्हय?"

"सूर्य जागेवरच आहे. चला, गाडीवरच दाखवतो."

आंब्याखालची गाडी मी उन्हात घेतली, काचा लावल्या. एक थर्मामीटर आत, एक सावलीत. (आकड्याशिवाय मला बोलता येत नाही. साखरपुड्याला थर्मामीटर घेऊन जाणारा जिल्ह्यात मी एकटाच असेन.)

"ऊन काचेतून आत येतं, उष्णता मात्र सहज बाहेर पडत नाही. कोळसा, पेट्रोल जाळून निघणाऱ्या वायूंच्या आपण पृथ्वीभोवती अशाच काचा लावतोय."

विधी उरकल्यावर दुपारी सगळ्यांना पुन्हा गाडीपाशी नेलं. आतला पारा चांगलाच चढला होता. मी आनंदाने आकडा वाचणार, तोच बायको आली.

"अहो, पंगत बसतेय. बासुंदी कुठं ठेवलीय?"

मी मागच्या सीटकडे पाहिलं. झाकण काढलं. बासुंदी फुटली होती.

"पाहुण्यांच्या पानात काय वाढू? तुमचा थर्मामीटर?"

"तसा हा दाखला तंतोतंत नाही," मी घाईने म्हणालो. "गाडीत तापलेली हवा कोंडते. ते वायू मात्र जमिनीची उष्णता शोषून..."

तिच्याकडे बघून मी पातेलं गाडीबाहेर काढलं.

मुलाचे वडील पातेल्यात डोकावले. "आत्ता कळलं की. सूर्याचा काय दोष न्हाय. काचा लावल्या कुणी?"

"मी."

"मग तुमीच उघडायच्या. आन नासायच्या आधी!"

सासूबाईंनी वास घेतला. "आंबली न्हाय, नुसती फुटलीया." पातेलं चुलीवर चढवून त्यांनी पाणी आटवलं, पंगत थोडी थांबवली आणि ताटात कलाकंद थापला. पाहुण्यांनी मागून मागून घेतला.

त्या दोघांचे उपकार मी विसरलेलो नाही. एकाने माझं विज्ञान समजून घेतलं, दुसरीने मला.

सासुरवाडीत अजूनही कलाकंदाचा पहिला तुकडा मलाच मिळतो. गाडीची किल्ली मात्र दारातच काढून घेतात.